जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरचं लपवलेलं रिकव्हरी पार्टिशन कसं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ७ च्या काळातला लॅपटॉप आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि त्यातले १५-२० जीबी कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनने (लॅपटॉप मूळ स्थितीत आणण्यासाठी डिस्कवर वेगळा राखलेला भाग) अडवले आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दिसतं, पण राइट-क्लिक केलं तर 'हेल्प'शिवाय दुसरा पर्यायच येत नाही. ते काढता येईल का, आणि काढल्यावर लॅपटॉप सुरू होईल का?

काढता येतं, आणि तेही एका आज्ञेत. अडचण काढण्यात नाही. ते पार्टिशन डिस्कच्या कोणत्या टोकाला आहे आणि लॅपटॉप सुरू होताना त्याचा आधार घेतो का, हे न बघता काढलं तर काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज मिसिंग' (विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) वाचायला मिळतं. म्हणून जास्त वेळ ओळखण्यात घालवा, पुसण्यात नाही. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.)

आधी एक गैरसमज. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, तो फरक लपवलेल्या पार्टिशनचा नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. हे ३५ जीबी कुठेच गेलेले नाहीत आणि परतही मिळणार नाहीत.

डिस्क लॅपटॉपमधून काढलेली असेल तर

या डिस्कवरून विंडोज चालवायचं नसेल, केसिंगमध्ये घालून फक्त बॅकअपसाठी वापरायची असेल, तर एकेक पार्टिशन निवडून काढत बसू नका. हवा तो डेटा उतरवून घ्या आणि पार्टिशनांचा सगळा तक्ताच साफ करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डिस्कपार्ट' (विंडोजचं पार्टिशन हाताळायचं साधन) लिहा, मग 'लिस्ट डिस्क'. आकारावरून आपली डिस्क ओळखा, 'सिलेक्ट डिस्क १' (तुमच्याकडे जो क्रमांक असेल तो), आणि लगेच पुन्हा 'लिस्ट डिस्क'. निवडलेल्या डिस्कपुढे चांदणी दिसते. ती योग्य ओळीवर आहे याची खात्री झाली की 'क्लीन'. नंतर 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', 'फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक', 'असाइन'. पाच मिनिटांचं काम आहे.

'क्लीन' दुसरी कसलीही पुष्टी मागत नाही. त्यामुळे या कामापुरत्या बाकीच्या यूएसबी डिस्क, पेन ड्राइव्ह काढून ठेवा. एकाच आकाराच्या दोन डिस्क जोडलेल्या असताना तर ही आज्ञा देऊच नका.

डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर 'क्लीन' पुरत नाही, कारण त्याने फक्त तक्ता जातो आणि फाइली जागच्या जागी राहतात. तेव्हा 'क्लीन ऑल' द्या. ते प्रत्येक सेक्टरवर (डिस्कचा सर्वांत छोटा कप्पा) शून्य लिहितं. सेकंदाला ७० एमबी वेगाच्या ५०० जीबी डिस्कला साधारण दोन तास लागतात. तेवढा वेळ खिडकी गोठल्यासारखी दिसते. ती बंद करू नका.

डिस्क लॅपटॉपमध्येच राहणार असेल तर

आता खरं काम. डिस्कपार्टमध्ये 'सिलेक्ट डिस्क ०' आणि 'लिस्ट पार्टिशन' देऊन पूर्ण यादी कागदावर उतरवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग एकेक पार्टिशन निवडून 'डिटेल पार्टिशन' द्या. त्यात 'टाइप', 'हिडन' (लपवलेलं), 'ॲक्टिव्ह' (ज्यावरून मशीन सुरू होतं) आणि 'ऑफसेट' (डिस्कच्या सुरुवातीपासूनचं अंतर) या चार गोष्टी बघायच्या.

जुन्या एमबीआर (पहिल्याच सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता आणि सुरुवातीचा कोड ठेवायची पद्धत) डिस्कवर टाइप हा दोन अक्षरी सांकेतिक आकडा असतो. साधं एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) म्हणजे ०७. रिकव्हरीसाठी बहुतेक कंपन्या २७ वापरत. त्याआधी एसर आणि थिंकपॅडवर १२ दिसायचा. डेलचं छोटं तपासणी पार्टिशन 'डीई' असतं, तर एक्सपी काळातलं त्यांचं रिस्टोअर पार्टिशन 'डीबी'. एसुसच्या जुन्या मशीनवर १सी भेटतो, म्हणजे लपवलेलं फॅट३२. हा आकडा ०७ नाही म्हणून विंडोज त्याला ड्राइव्ह लेटर देत नाही, आणि डिस्क मॅनेजमेंट 'डिलीट' दाखवत नाही तेही याच कारणाने. कुलूप वगैरे काही नसतं.

कंपनीगणिक मांडणी वेगळी असते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं.

एचपीच्या विंडोज ७ लॅपटॉपवर सुरुवातीला सुमारे २०० एमबीचं 'सिस्टिम', मग सी, मग 'रिकव्हरी' (याला बहुधा डी हे लेटर असतं, म्हणजे ते नीट लपवलेलंही नसतं) आणि शेवटी सुमारे १०० एमबीचं 'एचपी टूल्स'. एमबीआरवर प्रायमरी पार्टिशनं चारच बसतात आणि कंपनीने चारही वापरलेली असतात. त्यामुळे सी लहान करून नवं पार्टिशन करायला गेलं की विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतं. तिथे 'हो' म्हणू नका. डायनॅमिक झालेली डिस्क विंडोजच्या साधनांनी डेटा न गमावता परत बेसिक होत नाही. या मांडणीत रिकव्हरी काढणं सर्वांत सोपं, कारण ती सीच्या लगेच उजवीकडे असते.

एसरवर 'पीक्यूसर्व्हिस' नावाचं १०-१६ जीबीचं पार्टिशन अगदी सुरुवातीला असतं, मग १०० एमबीचं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड', मग सी. डेलवर आधी छोटं 'ओईएम', मग १०-१५ जीबीचं 'रिकव्हरी', मग सी. यातली डेलची मांडणी सर्वांत फसवी. तिथे पुष्कळदा रिकव्हरी पार्टिशनच 'ॲक्टिव्ह' असतं आणि बूटएमजीआर व बीसीडी या विंडोज सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात.

सिस्टिम रिझर्व्ह्ड (विंडोज ७ मध्ये १०० एमबी, ८ मध्ये ३५० एमबी, १० मध्ये साधारण ५०० एमबी) हे कंपनीचं नाही, विंडोजचं आहे; त्याला हात लावू नका. जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पद्धत) डिस्कवरची 'ईएफआय' आणि 'एमएसआर' पार्टिशनं त्याच माळेतली. तीन-चारशे एमबी वाचवायला जाऊन अख्खं विंडोज बंद पाडण्यात काही हशील नाही.

पुसण्याआधी

सर्वांत आधी डिस्कची प्रकृती. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) आकडे बघा: ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (संशयित सेक्टर), सी६ (वाचता न आलेले सेक्टर). सी५ किंवा सी६ शून्याहून जास्त असेल तर हा सगळा बेत सोडा, डेटा उतरवा आणि नवी एसएसडी घाला. अशा डिस्कवर पार्टिशन सरकवणं म्हणजे तिच्याकडून आयुष्यातलं सर्वांत जड काम शेवटच्या दिवसांत करून घेणं. सी७ वाढलेला असेल तर मात्र दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो.

मग रिकव्हरी डिस्कचा संच. कंपनीच्या प्रोग्रॅममधून डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवर तो आधी बनवून घ्या. एचपीचा प्रोग्रॅम एका मशीनमागे एकच संच बनवू द्यायचा, तेव्हा डीव्हीडी चांगल्या वापरा. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० लाच संपला, मग हा उपद्व्याप कशाला, असं वाटेल. पण त्या प्रतिमेत (संचातली विंडोजची जशीच्या तशी प्रत) त्या मॉडेलचे ड्रायव्हर असतात, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचे हॉटकी किंवा कार्ड रीडरचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नाहीसे झाले की ते दुसरीकडे मिळणं कठीण. संच बनवणारा प्रोग्रॅम बिघडलेला असेल तर लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून त्या पार्टिशनची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा; १५ जीबीला जागा तरी किती लागते? शिवाय लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की उतरवून घ्या. विंडोज ८ पासून की बायॉसमध्येच (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) असते, तिथे ही चिंता नाही.

शेवटचं, पार्टिशनच्या तक्त्याची प्रत. लिनक्समध्ये 'एसएफडिस्क --डम्प /देव/एसडीए' ही आज्ञा सगळा तक्ता काही ओळींत देते. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. चुकून भलतंच पार्टिशन उडवलं आणि त्यावर अजून काही लिहिलं नसेल, तर तेवढ्या ओळींवरून ते जसंच्या तसं परत येतं. प्रत घेतली नसेल तर टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा शोधून देतो, पण तो अंदाज असतो.

बूट आधी हलवा, मग पुसा

डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोणत्या पार्टिशनखाली 'सिस्टिम' आणि 'ॲक्टिव्ह' लिहिलंय ते बघा. ते रिकव्हरीखाली असेल (डेलची गोष्ट), तर पुसण्याआधी सुरुवातीच्या फाइली सीवर न्यायच्या. डिस्कपार्टमध्ये सीचं पार्टिशन निवडून 'ॲक्टिव्ह' द्या, बाहेर या आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी:' चालवा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. नीट सुरू झाला आणि 'सिस्टिम' हा शब्द आता सीखाली दिसू लागला, तर रस्ता मोकळा. नाही झाला, तर रिकव्हरी पार्टिशन अजून जागेवर आहे; विंडोजच्या डीव्हीडीवरून डिस्कपार्ट उघडून 'ॲक्टिव्ह' परत त्याच्याकडे दिलं की पहिल्यासारखं. याच क्रमाने करायचं कारण एवढंच: चूक उघडी पडते तेव्हा परतीची वाट शाबूत असते.

'एनटीएलडीआर इज मिसिंग' असा संदेश आला तर सीच्या बूट सेक्टरमध्ये जुना एक्सपीचा कोड आहे. विंडोज ७ च्या डीव्हीडीतल्या 'बूट' फोल्डरमधून 'बूटसेक्ट /एनटी६० सी:' चालवा. व्हिस्टामध्ये बीसीडीबूट नाही. तिथे सी ॲक्टिव्ह करून डीव्हीडीवरचं 'स्टार्टअप रिपेअर' लागोपाठ दोन-तीनदा चालवावं लागतं. एका फेरीत ते एकच दोष दुरुस्त करतं.

एक्सपीचं दुखणं वेगळं आहे. बूट.आयएनआय या फाइलीत 'पार्टिशन(२)' असा क्रमांक लिहिलेला असतो. आधीचं पार्टिशन गेलं की सीचा क्रमांक १ होतो, आणि विंडोज 'हाल.डीएलएल' सापडत नाही म्हणून रडतं. फाइल बिघडलेली नसते, पत्ता चुकलेला असतो. म्हणून पुसण्याआधीच बूट.आयएनआयमध्ये तीच ओळ 'पार्टिशन(१)' करून दुसरी जोडून ठेवा. सुरू होताना दोन पर्याय दिसतील, त्यातला एक चालेल. चालला की दुसरा काढून टाका.

आता पुसणं. डिस्कपार्टमध्ये 'सिलेक्ट पार्टिशन' देऊन ते निवडा, 'डिटेल पार्टिशन'ने शेवटचं पडताळून घ्या आणि 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. नुसतं 'डिलीट पार्टिशन' दिलं तर संरक्षित पार्टिशन म्हणून नकार मिळतो. 'ओव्हरराइड' हा शब्दच सगळं काम करतो.

विंडोज ८ किंवा १० वर असाल तर त्याआधी 'रीएजंटसी /इन्फो' बघा. विंडोजची दुरुस्तीची सोय त्याच पार्टिशनमध्ये असेल तर 'रीएजंटसी /डिसेबल' ती सीवर आणून ठेवते, पुसल्यावर 'रीएजंटसी /एनेबल' ती पुन्हा जोडते. मात्र सीवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कूटबद्ध करणारं साधन) चालू असेल तर शेवटची पायरी अडते, कारण ती सोय कूटबद्ध ड्राइव्हवरून चालत नाही. अशा मशीनवर विंडोजचं स्वतःचं छोटं रिकव्हरी पार्टिशन राहू द्या, फक्त कंपनीचं मोठं काढा. आणि त्याला फार आवळूही नका. जानेवारी २०२४ मधलं विंडोज १० चं एक अपडेट नेमकं या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नाहीत म्हणून असंख्य मशीनवर ०एक्स८००७०६४३ हा दोष देत अडलं होतं.

मोकळी जागा सीला जोडणं

जागा सीच्या उजवीकडे लागून असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम', संपलं. एचपीवाल्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

डावीकडे असेल, म्हणजे एसर-डेलसारखी, तर विंडोज ती घेऊ शकत नाही. पार्टिशन फक्त उजवीकडे वाढतं. जीपार्टेडच्या (लिनक्सवरचं पार्टिशन हाताळणारं साधन) पेन ड्राइव्हवरून सुरू करून सी डावीकडे सरकवता येतं, पण त्यासाठी त्यातला प्रत्येक सेक्टर उचलून अलीकडे ठेवावा लागतो, रिकामे सेक्टरसुद्धा. एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं आळीपाळीने चालतं, म्हणून जुन्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी बरे. ४५० जीबीच्या सीला चार तासांहून जास्त लागतात. आधी सी आवळून १२० जीबीवर आणलं, मग सरकवलं आणि मग पुन्हा वाढवलं, तर सरकवण्याचं काम तासाभरात उरकतं. ही युक्ती जरूर वापरा.

मध्येच लाइट गेली तर? अर्धं पार्टिशन नव्या जागी, अर्धं जुन्या जागी, आणि दोन्हींपैकी कोणताच तक्ता त्याला जुळत नाही. टेस्टडिस्कही तिथे हात टेकतो. लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं तग धरणारी असेल तर बॅटरीवर भरवसा ठेवून हे करू नका. यूपीएस लावा आणि डेटाचा बॅकअप बाहेर असल्याशिवाय सुरुवातच करू नका. सरकवण्याआधी विंडोजमध्ये 'चेकडिस्क सी: /एफ' (टाइप करताना सीएचकेडीएसके) चालवा आणि मशीन पूर्ण बंद करा. हायबरनेट झालेल्या किंवा विंडोज ८-१० च्या फास्ट स्टार्टअपने अर्धवट बंद झालेल्या एनटीएफएसला जीपार्टेड हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'ने दोन्ही बंद होतात. सरकवल्यावर विंडोज ७ बहुधा ०एक्ससी०००००२२५ दाखवून अडेल, कारण बीसीडीत पार्टिशनचा पत्ता सुरुवातीच्या अंतरावरून लिहिलेला असतो. डीव्हीडीवरून दुरुस्ती केली की सुटतं.

माझं मत विचाराल तर १२ जीबीसाठी हा धोका घेऊ नये. त्या जागेवर नवं पार्टिशन करा, लेटर द्या आणि ड्रायव्हर, इन्स्टॉलर, डाउनलोड तिकडे टाका. डिस्कची सुरुवात म्हणजे तबकडीची बाहेरची कड, आणि तिथे वाचन-लेखन सर्वांत वेगवान असतं. कंपनीने आपल्या न वापरल्या जाणाऱ्या प्रतिमेसाठी नेमकी तीच जागा धरली होती.

पुसल्यानंतर एसरवर ऑल्ट आणि एफ१०, एचपीवर एफ११, एसुसवर एफ९ या कळा निकामी होतात. एसरच्या बायॉसमधला 'डी२डी रिकव्हरी' पर्याय बंद करा. काही कंपन्यांनी एमबीआरमध्ये स्वतःचा कोड घातलेला असतो, आणि तो नसलेलं पार्टिशन शोधत सुरुवातीला अडखळतो. डीव्हीडीवरून 'बूटरेक /फिक्सएमबीआर' दिलं की तिथे विंडोजचा साधा कोड बसतो. पार्टिशनचा तक्ता त्याने बदलत नाही.

तक्त्यात दिसतच नसेल तर

कधी पार्टिशन कुठेच दिसत नाही आणि तरी डिस्क लेबलवर छापल्यापेक्षा लहान भरते. हा एचपीए, म्हणजे डिस्कच्या फर्मवेअरनेच शेवटाकडून झाकलेला भाग. डिस्क आपली क्षमता कमी सांगते, त्यामुळे डिस्कपार्ट, जीपार्टेड, सगळेच फसतात. टी४० काळातल्या आयबीएम थिंकपॅडवर रिकव्हरी अशीच ठेवलेली असायची. तिथे मात्र आधी बायॉसमध्ये 'सिक्युरिटी'खाली 'प्रीडेस्कटॉप एरिया' बघा. तो 'डिसेबल्ड' केला की जागा उघडी होते. पुढच्या मॉडेलमध्ये ती साध्या १२ टाइपच्या पार्टिशनमध्ये आली.

पडताळायचं ते सेक्टरच्या संख्येवरून, कारण ती क्षमतेनुसार ठरलेली असते: ८० जीबीला १५,६३,०१,४८८, १६० जीबीला ३१,२५,८१,८०८, ३२० जीबीला ६२,५१,४२,४४८, ५०० जीबीला ९७,६७,७३,१६८, १ टीबीला १,९५,३५,२५,१६८. लिनक्समध्ये 'एचडीपार्म -एन /देव/एसडीबी' (यातला एन कॅपिटल) दिलं की दोन आकडे मिळतात, सध्याचा आणि मूळचा. दोन्ही सारखे असतील तर एचपीए नाही. १ टीबीच्या डिस्कवर पहिला आकडा १,९५,३५,२३,०५५ दिसला, म्हणजे २,११३ सेक्टर कमी, तर ते गिगाबाइटच्या मदरबोर्डचं काम. बायॉसची प्रत ठेवायला तो जेमतेम १ एमबी झाकतो.

काढताना आधी नुसता मूळ आकडा द्या. तो बदल वीज बंद होईपर्यंतच टिकतो. डिस्क पूर्ण दिसली, वाचता आली, मग आकड्याआधी 'पी' लावून कायमचा करा. एचडीपार्म त्यासाठी धोक्याची जाणीव असल्याचं कबूल करणारा लांबलचक पर्याय मागतो. तोच तो संदेशात छापूनही दाखवतो. कायमचा बदल वीज चालू झाल्यापासून एकदाच करता येतो. चुकलं तर रीस्टार्टने भागत नाही, वायर काढून पुन्हा लावावी लागते. हे काम डिस्क थेट साटा पोर्टवर लावून करा, कारण केसिंगमधल्या यूएसबी चिप बहुधा या आज्ञा पुढे जाऊच देत नाहीत. काही बायॉस सुरू होतानाच डिस्कला कुलूप घालतात. मग मशीन चालू झाल्यावर डिस्कची वायर जोडून बघावी.

डिस्क जीपीटी असेल तर तिच्या तक्त्याची दुसरी प्रत आता शेवटाला नसून आधीच्या जागी उरते. 'एसजीडिस्क -ई' (यातला ई लहान) ती खऱ्या शेवटाला नेते. आणि गिगाबाइटचाच बोर्ड परत वापरणार असाल तर 'बॅकअप बायॉस इमेज टू एचडीडी' हा पर्याय बंद केल्याशिवाय डिस्क लावू नका, नाहीतर पुढच्या सुरुवातीला ते २,११३ सेक्टर पुन्हा गायब होतील.